रेडिओखोलीतील वही

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आम्हा पाच जणांना एकच वस्तू आठवली. कापडी बांधणीची, दोनशे पानांची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली एक वही. तिच्या पुठ्ठ्यावर सरांच्या वळणदार अक्षरांत 'संपर्क नोंदवही' असे लिहिलेले आहे. ती आमच्यापैकी एकाच्या अहमदपूरच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, स्काऊटच्या टोपीखाली इतकी वर्षे पडून होती. या लेखाच्या निमित्ताने आम्ही एका रविवारी तेथे जमलो आणि ती उघडली. तिच्यात एक नोंद अशी आहे, की जिच्याविषयी आम्ही आजवर शाळेत कोणाला काही सांगितलेले नाही. त्या नोंदीसाठी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतील बरेच जण ही स्मरणिका वाचतील. त्यांना हे आमच्याच तोंडून कळावे.

नंतरच्या तुकड्यांतील मुलांना रेडिओखोली ठाऊक असण्याचे कारण नाही. पाण्याच्या टाकीखाली, पूर्वी सरपण ठेवीत ती आठ बाय दहाची खोली. तिच्या खिडकीतून एक काळी तार बाहेर निघे आणि टाकीपासून समोरच्या कडुनिंबापर्यंत ताणलेल्या तांब्याच्या तारेच्या मधोमध जाऊन मिळे. ती आमची अँटेना. कावळे तिच्यावर बसत आणि तिला बाक येई. खोलीत एक लाकडी मेज, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, भिंतीवर जगाचा नकाशा आणि मेजावर आम्ही स्वतः जुळवलेला सेट, एवढाच संसार होता.

ही खोली सरांनी का उभी केली, हे ते आम्हांला दरवर्षी ३० सप्टेंबरला सांगत. १९९३ साली ते शाळेत नुकतेच रुजू झाले होते. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा चाकूरलाही माणसे अंगणात धावली. पण किल्लारी-सास्तूरकडे काय झाले आहे हे उजाडल्यानंतरही नीट कळेना. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गावे गाढ झोपली होती. शाळेतून भाकऱ्या आणि चादरी घेऊन जी मंडळी लातूरमार्गे निघाली, त्यांत सर होते. तेथे मातीच्या ढिगाऱ्यांपलीकडे त्यांना दोन बाभळींमध्ये बांधलेली एक तार दिसली आणि तिच्याखाली गाडीच्या बॅटरीवर सेट चालवणारा एक तरुण. तो हौशी रेडिओचालक होता. असे अनेक जण बाहेरगावांहून आपापली यंत्रे घेऊन भूकंपग्रस्त भागात आले होते. तंबू किती लागतील, कोणती औषधे संपली, कोणाच्या नातेवाइकांना काय कळवायचे, असे निरोप तो सावकाश, एकेक शब्द दोनदा उच्चारून पाठवीत होता. सर सांगत, की सायंकाळ झाली तसा जवळच्या केंद्राचा आवाज हळूहळू बुडाला. शेवटी दूरच्या शहरातील कोणी एक जण, जो दोघांनाही ऐकू येत होता, इकडचा निरोप तिकडे पोचवू लागला. "जवळचे हरवते आणि दूरचे सापडते, हे काय आहे, ते मला समजून घ्यायचे होते," असे ते म्हणत. त्यासाठी त्यांनी पस्तिशीनंतर परीक्षा दिली, परवाना काढला आणि सरपणाची खोली मागून घेतली.

आम्ही त्या खोलीत शिरलो ते आठवीत. आमच्या सेटला 'बिटएक्स' म्हणत. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी तो अशा हिशेबाने रचला होता, की साध्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून कोणालाही तो जुळवता यावा. त्यांच्या मूळ रचनेत वेटोळी गुंडाळण्यासाठी नळाचे वॉशर वापरलेले आहेत, हे वाचून आम्ही चाकूरच्या नळजोडणीच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराकडे डझनभर वॉशर मागितले. "शाळेत एवढे नळ गळतात का?" असे त्याने काळजीने विचारले. बाकीचे सामान सरांनी हैदराबादच्या कोटी भागातून आणले. सोल्डरच्या धुराने डोळे चुरचुरत, बोटे भाजत. सहा महिन्यांनी त्या तांब्याच्या पत्र्यावरील जंजाळातून पहिल्यांदा खरखर ऐकू आली आणि खरखरीच्या तळाशी कोणीतरी माणूस बोलत होता, तेव्हा आम्ही जेवणाची घंटा चुकवली.

तो सेट सहा वॅटचा. घरात रात्री लावतात तो 'झिरोचा' दिवा जेवढी वीज खातो, तिच्या निम्मीही नाही. सर म्हणत, सहा वॅट पुष्कळ झाले, वर भिंत चांगली असली पाहिजे.

ही भिंत काय, ते येथे सांगावे लागेल, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. उदगीरच्या किल्ल्यात शाळेची सहल गेली होती, तेव्हा तटासमोर उभे राहून हाक मारली की ती परत येई. लघुलहरींचे तसेच आहे. जमिनीपासून शंभर ते काहीशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. सुट्या इलेक्ट्रॉनांची दाटी पुरेशी असेल तर लहर तेथून वळून पुन्हा जमिनीवर येते आणि हजारो किलोमीटरवर उतरते. दाटी विरळ झाली, की ती थर भेदून अवकाशात निघून जाते. मग कितीही ओरडा, तट ढासळलेला असतो. रात्री सूर्य नसल्यामुळे दाटी घटते; सरळ वर गेलेली लहर परत येत नाही, पण तिरकी गेलेली येते. म्हणून जवळचा माणूस हरवतो आणि दूरचा सापडतो. सरांच्या किल्लारीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. ते त्यांना आमच्या जन्मानंतर काही वर्षांनी मिळाले.

आणि सूर्य तरी कोठे एकसारखा असतो? सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्यात त्याच्यावरील डाग वाढतात आणि घटतात. डाग पुष्कळ तेव्हा आयनांबर भरदार. डाग नाहीसे झाले की ते दुबळे, आणि उंच कंप्रतांचे पट्टे दिवसेंदिवस मुके. रेडिओचालक अशा वेळी "बँड बंद आहे" म्हणतात, दुकान बंद आहे म्हणावे तसे.

आमच्यापैकी दोघांनी नववीत हैदराबादला परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. त्यानंतर परवाना येईना. कोणत्या मेजावर कोणती फाइल अडली होती ते आम्हांला कधी कळले नाही. पोलीस चौकशीसाठी एक हवालदार वसतिगृहात आले, त्यांनी "तुम्ही वायरलेसवर काय बोलणार?" असे विचारले आणि आमच्याजवळ खरोखरच उत्तर नव्हते. अखेर २००८च्या उन्हाळ्यात, व्हीयू३ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनसह, तो कागद आला. आम्ही पेढे वाटले. सूर्याला मात्र कोणी विचारले नव्हते. २००८ या वर्षातील ३६६ दिवसांपैकी २६६ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. १९१३नंतर इतके कोरे वर्ष आले नव्हते. आम्ही दुकानाची चावी मिळवली आणि त्याच वर्षी बाजार उठला.

डाग नाहीत हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. आम्ही ते रोज पाहत होतो. मधल्या सुट्टीत सर छोटी दुर्बीण उन्हात धरत आणि तिच्यातून पडणारे सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर घेत. सूर्याकडे दुर्बिणीतून डोळ्याने पाहायचे नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती. कंपासाने आधी काढून ठेवलेल्या वर्तुळात बिंब बरोबर बसवायचे आणि जेथे डाग दिसेल तेथे पेन्सिलीने टिंब द्यायचे. आमच्याकडे अशा वर्तुळांची एक चळत जमली. बहुतेक सर्व कोरी. एकदा एकाने टिंब दिले आणि आम्ही नाचलो. नंतर लक्षात आले की भिंगावर माशी बसली होती.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या १८ आणि १९ तारखेला स्काऊटांचा आकाशवाणीवरील जागतिक मेळावा होता. जगभरचे स्काऊट त्या दोन दिवसांत हौशी रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. आपल्या शाळेने प्रथमच भाग घ्यायचे ठरवले. फलकावर लिहिले गेले, पालकांना कळवले गेले, संस्थेचे ज्येष्ठ पदाधिकारी येणार होते. शनिवारी सकाळपासून रेडिओखोलीच्या खिडकीबाहेर माणसे उभी होती. आम्ही 'सीक्यू' पुकारत होतो, म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याला हाक. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मधूनच एखादा क्षीण आवाज वर येई, तळ्यातील म्हशीची शिंगे दिसावीत तसा, आणि पुन्हा बुडे. आम्हांला ते ऐकू येत होते; त्यांना आम्ही ऐकू जात नव्हतो. त्यांच्याजवळ शंभर वॅट असतील, उंच मनोऱ्यावर फिरत्या अँटेना असतील. आमच्याजवळ सहा वॅट आणि कडुनिंब. दुपारपर्यंत खिडकीतील माणसे पांगली. एक गृहस्थ जाताना म्हणाले, "यापेक्षा मोबाइल बरा." कोणी हसले नाही, हे अधिक लागले.

रात्री सर वसतिगृहाच्या हजेरीला गेले. खोलीत आम्ही पाचच उरलो. दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्यापैकी एकाने वही पुढे ओढली आणि लिहिले. कोणी, ते लिहिणार नाही. आम्ही पाचही जण त्याच्या खांद्यावरून पाहत होतो आणि कोणी त्याचा हात धरला नाही. तारीख, वेळ, १४ मेगाहर्ट्झ, जपानचे एक कॉलसाइन, आमचा आवाज ५७, त्यांचा ५९. कॉलसाइन एका जुन्या मासिकातील छायाचित्रावरून घेतले. जपानच का? आपल्या शाळेच्या पाहुण्यांना जपानचे नाव ऐकून काय वाटेल, हे आम्हांला बरोबर ठाऊक होते. विहारात जपानहून आलेल्या भिक्खूंची छायाचित्रे होती, त्या देशाविषयी घराघरांत जिव्हाळा होता. आमची लबाडी अंधपणे केलेली नव्हती. ती मोजूनमापून केलेली होती.

रविवारी सकाळी वंदना झाली. पंचशील सर्वांबरोबर आम्हीही म्हटले, चौथ्या शिलासकट. त्यानंतर ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी उभे राहून सांगितले, की आपल्या मुलांनी काल रात्री स्वतः बनवलेल्या यंत्रावरून जपानशी संवाद साधला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हांला पुढे बोलावून प्रत्येकाला गुलाबाचे फूल देण्यात आले.

कार्यक्रम संपला तेव्हा आमच्यापैकी एकाची आजी, नळेगावहून पहिल्या एस.टी.ने आलेली, गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "तिकडली माणसं काय म्हणली रं?"

"बरं आहे का म्हणून विचारलं."

"अन् तू?"

"बरं आहे म्हणलो."

"त्याहिला पाऊसपाणी इचारायचं की," ती म्हणाली. "इतक्या लांबचं माणूस बोललं अन् पाऊसपाणी इचारलं न्हाई व्हय?"

तो काही बोलला नाही. ती नंतर सांगत राहिली, एस.टी.त, गावात, सोयऱ्यांत.

सरांनी वही उघडली ती त्या दिवशी सायंकाळी, सारे गेल्यावर. नोंदीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग नकाशाकडे पाहत म्हणाले, "रात्री दहा दहा. तेव्हा जपानात पहाटेची एक चाळीसची वेळ. इकडे रात्र, तिकडे रात्र, सूर्यावर डाग नाही, आपले सहा वॅट. मला फक्त सांगा, लहर कोणत्या वाटेने गेली?" आवाज चढलेला नव्हता. आमच्यापैकी एक जण रडू लागला. दुसऱ्याने नोंद खोडण्यासाठी पेन उचलले, तेव्हा मात्र सर कडाडले. "खोडायचे नाही! लिहिलेले राहू द्या. समासात खरे काय ते लिहा आणि खाली सही करा." म्हणून त्या पानाच्या समासात तांबड्या शाईने 'असत्य नोंद' असे दोन शब्द आणि पाच सह्या आहेत. सभेत सांगायचे की नाही, हे त्यांनी आमच्यावर सोपवले. आम्ही सांगितले नाही.

शिक्षा म्हणावी तर ती दुसऱ्या दिवशी कळली. दररोज जेवणानंतर साडेआठ ते नऊ, पाळीपाळीने, १४ मेगाहर्ट्झचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकायचा आणि ऐकू आले तेवढेच वहीत लिहायचे. काही ऐकू आले नाही तर 'काही नाही' असे लिहायचे. ओळ रिकामी सोडायची नाही. "रिकामी ओळ म्हणजे तुम्ही ऐकले नाही. 'काही नाही' म्हणजे तुम्ही ऐकले," असे ते म्हणाले. दहावीचे वर्ष होते. आम्ही मनातल्या मनात कुरकुरलो.

पहिल्या आठवड्यातच एकाने विचारले, की नसलेल्या गोष्टीची नोंद ठेवून कोणाला काय उपयोग? त्यावर सरांनी कुलाब्याची हकिगत सांगितली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात. बारीक दोऱ्याला टांगलेला चुंबक किती हलला हे निरीक्षक डोळ्यांनी पाहून तासातासाला आकडा लिहीत. वर्षानुवर्षे ते आकडे जवळजवळ सारखेच असत. २ सप्टेंबर १८५९ रोजी, इतिहासातील सर्वांत प्रचंड म्हणून मानले जाणारे सौर वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे कोलमडली. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली आणि क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे कागदावर उतरवले. ते आकडे कपाटांत राहिले. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आदी शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी घेऊन १८५९चे वादळ किती मोठे होते, याचा हिशेब मांडला. त्या तोडीची दुसरी नोंद त्यांना जगात सहज सापडण्यासारखी नव्हती. सर म्हणाले, "त्या माणसाने आदल्या कंटाळवाण्या दिवसांत एक जरी आकडा अंदाजाने भरला असता, तर त्या दिवसाच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला असता का?"

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकांना त्यांचा उपद्रव नको, या विचाराने ही वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली आणि १९०४पासून तेथे काम सुरू झाले. जुन्या-नव्या जागांची वाचने जुळावीत म्हणून कुलाब्याचे काम १९०६पर्यंत जोडीने चालू ठेवले गेले. हे काम नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीतले. कुलाब्याच्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक; तेथील जवळजवळ साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी संकलित करून छापल्या. आमच्यापैकी एक जण आज अलिबागेस नोकरीनिमित्त राहतो. त्या वेधशाळेच्या कुंपणावरून जाताना तो अजून चाल मंद करतो.

तर आम्ही 'काही नाही' लिहू लागलो. ऐकण्याचे काम सोपे नव्हे. दिवे असले, की ट्यूबलाइटची गुणगुण आणि आसपासच्या शेतांतील मोटारींची घरघर यांनी पट्टा भरून जाई. त्या काळी मराठवाड्यात भारनियमन दिवसाचे कित्येक तास असे. साऱ्या गावाला त्याचा संताप येई. आम्ही मात्र वीज जाण्याची वाट पाहू लागलो. दिवे गेले, की रेडिओतील गोंगाट एकदम खाली बसे आणि बॅटरीवरच्या आमच्या सेटमध्ये एक स्वच्छ, विस्तीर्ण सुसकारा उरे. त्या सुसकाऱ्यातही प्रकार असतात. दूरच्या विजांचा कडकडाट निराळा, सेटच्या स्वतःच्या भागांचा फुसफुसाट निराळा आणि आकाशाचा निराळा. अँटेना काढून पुन्हा जोडली, की फरक कळे. महिनाभरात आम्हांला पट्टा 'बंद' असणे आणि 'बंद होत जाणे' यांतील भेद ऐकू येऊ लागला. एखादी रात्र अशी येई, की शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी मोर्सच्या दोन-तीन अक्षरांपुरते वर येई. आम्ही तेवढीच अक्षरे लिहीत असू, पुढची मनाने भरत नसू. वहीतले 'के... ९...?' हे प्रश्नचिन्ह त्याच काळातले आहे. ते कोण होते, हे कधीच कळणार नाही.

नाताळाच्या सुमारास सरांनी वेटोळी उकलून पुन्हा गुंडाळायला लावली आणि सेट ७ मेगाहर्ट्झवर आणला. अँटेनाही लांबवावी लागली. वीस मीटरची तार आता टाकीपासून कडुनिंबापर्यंत पुरून थोडी खाली लोंबू लागली. सूर्य थकलेला असताना खालच्या पट्ट्यांकडे वळावे, हे साधे शहाणपण. शनिवारच्या दुपारी आणि रविवारच्या सकाळी आम्ही हाका मारत असू. उत्तर येत नसे; हाकांच्या रकान्यातही आम्ही 'काही नाही' लिहीत असू.

११ जानेवारी २००९, रविवार, सकाळी ८ वाजून ४० मिनिटे. सूर्य चांगला वर आला होता, दवाने तार ओली होती. आमच्या हाकेनंतर खरखरीतून एक आवाज आला आणि तो मराठीत होता. "तुमचा आवाज फार बारीक येतोय, पण येतोय. पुन्हा सांगा." बेळगावचे एक निवृत्त शिक्षक होते. आमचे कॉलसाइन त्यांना समजायला चार वेळा सांगावे लागले. सहा वॅट आहेत म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "थांबा, मी पंखा बंद करतो." पंख्याची कुरकुर थांबली असावी, कारण नंतर त्यांना आमचे बरेच कळू लागले. आवाजाचे आकडे सांगून झाले, नावे सांगून झाली. काय बोलावे ते सुचेना. तेव्हा आमच्यापैकी नळेगावच्या आजीचा नातू माइकजवळ वाकला आणि म्हणाला, "आपल्याकडे पाऊसपाणी कसे आहे?"

जानेवारी महिना होता. पलीकडून हसणे ऐकू आले. मग ते म्हणाले, "पाऊस कुठला आता! पण शाळू बरा आहे यंदा. तुमच्याकडे?" आम्ही म्हटले, आमच्याकडेही ज्वारी बरी आहे, हरभऱ्यावर मात्र अळी आहे. त्यानंतर आवाज बुडाला आणि पुन्हा आला नाही. सगळा संवाद सात मिनिटांचा. आम्ही तो वहीत लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात 'शाळू बरा' असे दोन शब्द आहेत. सरांनी त्यावर काही म्हटले नाही, नुसती बारीक अक्षरांत सही केली.

त्या वर्षभरातील हा आमचा एकमेव खरा संपर्क. पुढच्या भेटीच्या रविवारी नातवाने आजीला उत्साहाने सांगितले, की बेळगावशी बोललो, पाऊसपाणी विचारले. तिने ऐकून घेतले. बेळगाव तिला दूर वाटले नाही. "अन् ते जपानवाले? बरं हायत ना?" ती म्हणाली. त्याने मान हलवली. खरे सांगण्याची तीच वेळ होती आणि ती त्याने घालवली, हे तो आजही सांगतो. आजी २०१५ साली गेली.

त्यानंतर आम्ही पांगलो. सूर्य २०१४ला पुन्हा थोडाफार उजळला, २०१९ला पुन्हा विझला. रेडिओखोलीत आता मोडकी बाके आहेत असे कळते. कडुनिंबावरील कप्पी मात्र अजून आहे, ती आम्ही गेल्या वर्षी खालून पाहिली. ज्या वर्षांत आम्हांला सूर्य हवा होता त्या वर्षांत तो कोरा होता; आणि २०२४च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेच्या रात्री, सौर वादळाने लडाखच्या हानले येथील आकाश तांबडे झाले, तेव्हा आमच्यापैकी एक जण पुण्याच्या सदनिकेत बाल्कनीतून लोंबणाऱ्या तारेवर ऐकत बसला होता. वादळामुळे लघुलहरी त्या रात्री पार मुक्या झाल्या होत्या. त्याने आपल्या वहीत काय लिहिले असेल, ते सांगायला नको. एरवी त्याचे दुखणे निराळे: शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरांचा गोंगाट. पुण्यात भारनियमन नाही, ही त्याची तक्रार आम्हा चौघांशिवाय कोणाला समजत नाही.

लेख लिहिण्याआधी सरांना फोन केला. ते नांदेडला असतात, कानाने थोडे कमी ऐकू येते. सर्व हकिगत छापायची म्हणतो, आपली परवानगी असावी, असे म्हटले. "नोंद तुमची, परवानगी माझी कशाला?" ते म्हणाले. मग थोडे थांबून, "वेळ बरोबर लिहा. दहा दहा. कोणी साडेदहा लिहाल."

अहमदपूरच्या त्या रविवारी आम्ही वही वाचत बसलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकशे सात संध्याकाळी आहेत. त्यांपैकी एकाहत्तर ठिकाणी 'काही नाही' आहे. पाच निरनिराळी अक्षरे, कोठे शाई, कोठे पेन्सिल. रात्री साडेआठला एकाने जुना सेट बॅटरीला जोडला. वेटोळी त्याने हौसेने पुन्हा १४ मेगाहर्ट्झसाठी गुंडाळून आणली होती. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला तार बांधली. आमच्यापैकी एकाच्याच परवान्याचे नूतनीकरण झाले आहे आणि तो कॉलसाइनची प्रत, माइक, सर्व काही पुण्यात विसरून आला होता, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता. नुसते ऐकले. पट्टा यात्रेसारखा भरला होता. आवाजावर आवाज चढलेले. त्यातून एक जण स्पष्ट निवडता आला. इटलीचे केंद्र होते. आपल्याकडे पाऊस पडत असल्याचे तो इंग्रजीत कोणाला तरी सांगत होता. नातवाने वही जवळ ओढली, शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली, घड्याळ पाहिले आणि ऐकू आले तेवढे लिहिले.